नायट्रो नौकेचे विद्युतीकरण

रेडिओ-नियंत्रित शर्यतीच्या नौकेतील नायट्रो इंजिन मिथेनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांच्या मिश्रणावर चालते. कर्कश आवाज आणि तेलकट धुरामुळे ते अनेकांना नकोसे होते. म्हणून हौशी मंडळी त्याजागी विजेची मोटर बसवितात.

इंजिन काढण्यापूर्वी नौका दोन बोटांवर तोलून तिच्या तोलाची जागा खुणेने नोंदवावी. इंजिन व इंधनटाकी गेल्यावर जड बॅटरी पुढेमागे सरकवून तोच तोल पुन्हा साधावयाचा असतो. तळाशी मुरलेले तेल स्वच्छ पुसल्याखेरीज मोटरची नवी बैठक चिकटत नाही. (हे काम कंटाळवाणे खरे, पण टाळता येत नाही.)

मोटरचा केव्ही अंक म्हणजे प्रत्येक व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. २००० केव्हीची मोटर चार सेलच्या १४.८ व्होल्टवर भाराविना सुमारे २९,६०० फेरे घेते. पूर्वी इंजिनाला थंड ठेवणारे तळ्याचे पाणी आता मोटर व वेगनियंत्रकाभोवती खेळवावे.

लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगली, तर तिचा मोह सोडावा. ती पेट घेऊ शकते. मुलांच्या बोटांना धोका मात्र निराळाच. नायट्रो इंजिन मुद्दाम सुरू करावे लागते आणि गर्जून आपण जागे असल्याचे सांगते. विजेची नौका निःशब्द असते. चुकून खटका दाबला गेला, तरी प्रोपेलर तत्क्षणी फिरतो. म्हणून आधी ट्रान्समीटर चालू करावा, मग बॅटरी जोडावी. पहिली चाचणी प्रोपेलर उतरवूनच घ्यावी. नौका काठाला आली की प्रथम बॅटरी सोडवावी आणि ट्रान्समीटर त्यानंतरच बंद करावा.