साडेपाचची प्रॅक्टिस

पहाटे 5.00 : डिसेंबरात आदिलाबादची थंडी बोचते आणि ती आधी माझ्या उजव्या पायाला कळते. 1999 साली द्रासच्या डोंगरांत रात्रीचा दारूगोळा वर वाहताना त्या पायाची दोन बोटं हिमदंशानं गेली. कोमट पाणी, खोबरेल तेल, दोन मोजे आणि मग बूट.

5.30 : इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियम. वसतिगृहातली पोरं जमलेली असतात. मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू अशा चारही भाषांत एकमेकांकडे पास मागतात. पूर्वी पलटणीच्या फुटबॉल टीममध्ये मी पुढच्या फळीत खेळायचो, सगळा जोर बोटांवर. आता पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू ढकलतो, आणि तेच शिकवतो. पास सरळ जातो.

आज एकानं विचारलं, "सर, सिनेमातला चंदू खरंच होता का?"

होता काय, आहे! त्याचं खरं नाव मुरलीकांत पेटकर, सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचे. फौजेत बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं, एक गोळी मणक्यात तशीच राहिली. मग ते पोहायला लागले. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत मारली. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 साली, म्हणजे 46 वर्षांनी. मधली बरीच वर्षं त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पोरांना पदक आवडतं. मला ती नोकरी मोठी वाटते. रोज कुणीतरी आपली वाट बघत असलं की जखमी माणूस उठून बसतो.

9.30 : बँकेचं दार, खांद्यावर बंदूक. कापसाचा हंगाम आहे, बेला आणि जैनथकडचे शेतकरी पासबुक घेऊन रांगेत. "फौजी, कापसाचे पैसे आले का बघा ना." बघणं माझं काम नाही, पण फॉर्म भरून देतो. फौजेतून परत आलो तेव्हा लोक लढाईच्या गोष्टी विचारायचे, आता फॉर्मबद्दल विचारतात. हे मला फार बरं वाटतं.

दुपारी 2.00 : डबा. भाकरी, अंबाडीची भाजी.

संध्याकाळी 6.00 : अग्निवीर भरतीची मुलं. 1.6 किलोमीटर धावणं आणि पुल-अप्स. 2022 पासून ही भरती चार वर्षांची झाली. चारांतला जास्तीत जास्त एक पुढे कायम होतो, बाकीचे घरी. बाविशीत परतणारा मुलगा काय करणार, याचा विचार गावानं आतापासून करायला हवा. सत्कार करून हार घातला की गाव मोकळं होतं, तो मुलगा होत नाही. त्याला शिट्टी द्या, ज्युनिअर टीम द्या, शाळेत खेळाचा तास द्या.

रात्री 9.00 : सैनिक कल्याण कार्यालयाला अर्ज लिहितो आहे : परतलेल्या जवानांना शाळांच्या टीमवर प्रशिक्षक म्हणून घ्यावं. तेलुगूत लिहितो, म्हणून मुलगी शेजारी बसून चुका काढते. रविवारी पांढरकवड्याच्या पोरांशी सामना आहे, गोलकीपरचे हातमोजे फाटलेत, ते आज शिवायचे आहेत.