मालक, पगाराचं तेवढं बघा की!

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की होस्टेलवर एकच प्रश्न फिरत असतो, "पॅकेज किती बे?" मेसमध्ये तोच, कट्ट्यावर तोच, रात्री दोन वाजता मॅगी शिजवतानाही तोच. पण मिळालेलं पॅकेज पुढे वाढतं कसं यावर कुणी बोलत नाही. ॲप्टिट्यूडचे क्लास आहेत, ग्रुप डिस्कशनचे आहेत, मॉक इंटरव्ह्यू आहेत. साहेबासमोर उभं राहून "पगार वाढवा" हे दोन शब्द कसे उच्चारायचे, याचा क्लास मात्र अजून निघालेला नाही. आणि मित्रांनो, आपण सगळेच काही हिंजवडीला जाणार नाही. बरेच जण चिंचोली एमआयडीसी, अक्कलकोट रोड, नाहीतर भोसरी-चाकणच्या एखाद्या छोट्या युनिटात लागणार. तिथे एचआर नावाचं खातं नसतं, अप्रेझल नावाचा महिना नसतो. तिथे मालक असतो.

डिप्लोमा झाल्यावर डायरेक्ट सेकंड इयरला येण्याआधी मी दोन वर्षं टॉवेलच्या एका युनिटात मेंटेनन्सला होतो. युनिटचं नाव सांगत नाही, मालकाचं तर नाहीच. माणूस वाईट नव्हता, पण पगाराचा विषय निघाला की त्यांना फोन यायचा. फोन नसला की धंद्यात मंदी असायची. आणि मंदीही नसली की एक हुकमी वाक्य यायचं, "अरे, तू तर घरचाच आहेस!" या वाक्यावर भलेभले गार होतात. घरच्या माणसाने पैसे कसे मागायचे?

त्यामुळे आपल्याकडे पगारवाढ मागण्याची एक ठरलेली पद्धत पडलीय, ती म्हणजे घरची अडचण सांगायची. आईचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, घराचा हप्ता. ऐकून मालक खरोखर हळहळतो आणि खिशात हात घालतो. पण देतो काय? उचल! उचल म्हणजे वाढ नव्हे. ती पुढच्या पगारातून कापली जाते, आणि ती फिटेपर्यंत वाढीचं तोंड उघडता येत नाही, नोकरीही सोडता येत नाही. अडचण सांगितली की अडचणीपुरतं मिळतं. म्हणून पगाराच्या बोलण्यात घर अजिबात आणायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आणायचं काय? माझ्या मते मागणीचे दोन भाग करावेत आणि ते वेगवेगळे मांडावेत. एक भाग महागाईचा, दुसरा कामाचा. दोन्ही एकत्र कालवले की मालक "एवढे?" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

महागाईच्या भागाबाबत आपण सोलापूरकर नशीबवान आहोत, आणि हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढला जातो. केंद्र सरकारचा लेबर ब्यूरो देशातल्या ८८ केंद्रांतले भाव गोळा करतो आणि २०१६ सालचा खर्च १०० धरून आज तोच खर्च किती झाला ते सांगतो. त्या ८८ केंद्रांत सोलापूर आहे. म्हणजे डाळ, तेल, घरभाडं, कपडे, औषधं यांचा सोलापुरातला आकडा वेगळा मिळतो, पुण्या-मुंबईचा उसना घ्यावा लागत नाही. हे आजचं नाही. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी करून १९२८ मध्ये अहवाल छापला होता, आणि १९२७-२८ चा खर्च १०० धरून सोलापूरचा स्वतंत्र निर्देशांक निघत असे. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले. निर्देशांक मात्र अजून निघतो.

गणित सोपं आहे, एम-थ्री पास व्हायची गरज नाही. समजा गेल्या वर्षी निर्देशांक १४० होता आणि या वर्षी १४७ झाला. वाढ ७ ची, पण टक्केवारी १४० वर काढायची, म्हणजे ५ टक्के. (पॉइंट आणि टक्के यांत गल्लत करून ७ टक्के मागू नका, मालक कॉमर्सवाला असला तर तिथेच पकडतो.) पगार १२,००० असेल तर ६०० रुपये हे वाढ म्हणून मागायचेच नाहीत. "मालक, मागच्या वर्षी तुम्ही जेवढा पगार देत होता, तेवढाच यंदाही द्या" असं म्हणायचं. कारण ते ६०० मिळाले नाहीत तर पगार जागच्या जागी राहत नाही, खरं तर कमी होतो.

आपल्या कॉलेजात ज्यांना सरकारी वेतनश्रेणी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांचा महागाई भत्ता याच निर्देशांकाच्या अखिल भारतीय सरासरीवरून ठरतो, जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांपासून. त्यासाठी कुणाच्या केबिनबाहेर उभं राहावं लागत नाही. पण हा भत्ता आकाशातून पडलेला नाही. युद्धामुळे भाव भडकले तेव्हा मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी मोठा संप केला होता. आज जे सूत्र आपोआप चालतं, ते कधीकाळी कुणीतरी मालकाशी भांडून मिळवलेलं आहे.

आता कामाचा भाग. इथे "मी खूप मेहनत करतो" याला काही किंमत नाही. मेहनत हमालही करतो. मालकाला कळतात ते रुपये, म्हणून काम रुपयात मांडायचं. मी एक शंभरपानी वही ठेवली होती. माग बंद पडला की तारीख, मागाचा नंबर, काय बिघडलं, किती वेळात चालू झालं, एवढंच लिहायचो. मी लागायच्या आधी किरकोळ बिघाडालाही बाहेरचा फिटर यायचा आणि एका फेरीचे ५०० घ्यायचा. अकरा महिन्यांत ४३ वेळा त्याला बोलवावं लागलं नाही. ४३ गुणिले ५०० म्हणजे २१,५००. महिन्याला साधारण १,९५०. त्यातले निम्मे मी मागितले, निम्मे मालकाला सोडले. महागाईचे ६०० आणि हे ९७५ मिळून १,५७५, म्हणजे मागणी १,६०० ची. हे सगळं एका कागदाच्या एका बाजूला लिहिलं. दुसरं पान कुणी उलटत नाही!

संभाषण साधारण असं झालं.

"मालक, दहा मिनिटं पाहिजे होती. पगाराचं बोलायचंय."

"अरे, तू तर घरचाच आहेस की!"

"घरचाच आहे, म्हणून आधी तुमच्याकडे आलो. बाहेर कुठं विचारलं नाही."

"धंदा कुठाय पण? सूत किती महागलंय बघितलास का?"

"सुताचं तुम्हाला जास्त माहीत. माझं या कागदावर आहे तेवढंच."

"बाहेर नऊ हजारात पोरं लाइनीत उभी आहेत."

"आहेत, मालक."

यावर मी पुढे काही बोललो नाही. पोरं लाइनीत असतात ही गोष्ट खरीच आहे, ती नाकारून उपयोग नसतो. पण नव्या पोराला आमच्या मागांची खोड कळायला चार महिने लागले असते, आणि तोपर्यंत बाहेरचा फिटर आलाच असता. हे मालकाला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. अशा वेळी आपण गप्प बसलं की समोरचा मनात हिशेब करतो. आपण बोलत राहिलो तर तो आपल्या बोलण्यातली चूक शोधतो.

थोड्या वेळाने त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. "त्रेचाळीस कसे? यातले सात तर तूच बिघडवले असशील!"

"मग छत्तीस धरा."

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा क्षण. मालक आकड्यावर घासाघीस करायला लागला याचा अर्थ वाढ द्यायची हे त्याने मनात धरलंय, आता प्रश्न फक्त कितीचा आहे. मंगळवार बाजारातलं गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की विकणाऱ्याला कळतं ना, हा घेणार आहे म्हणून? तसंच. तिथे सात फेऱ्यांसाठी वाद घालणं म्हणजे मिळत असलेलं घालवणं. शेवटी ६०० लगेच आणि ६०० दिवाळीनंतर असं ठरलं. "दिवाळीनंतर म्हणजे कुठल्या महिन्याच्या पगारात?" हेही विचारून घेतलं आणि त्याच कागदावर त्यांच्याच पेनने लिहून घेतलं. सही मागितली नाही, पण अक्षर त्यांचं होतं.

हे बोलणं मी केलं तेव्हा मोठी ऑर्डर मशीनवर होती, हे मुद्दाम सांगतो. वेळेचा प्रश्न आपल्या भागात दोन मोठ्या उदाहरणांनी समजतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पण गिरण्यांच्या गोदामांत न खपलेलं कापड पडून होतं, आणि नवीन कापड यंत्रमागांवर काढून घेता येत होतं. बऱ्याच मालकांना घाई नव्हती. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ प्रमाणे बोलणी करायचा अधिकार मान्यताप्राप्त संघटनेलाच होता आणि ती सामंतांची नव्हती, हा आणखी एक अडथळा. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो घरं मात्र कायमची बसली.

याउलट आपल्या जिल्ह्यातला ऊस बघा. ऊसतोड कामगारांच्या मजुरीची बोलणी त्यांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात होतात. जानेवारी २०२४ मध्ये, गाळप हंगाम ऐन भरात असताना, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाच्या बैठकीत ३४ टक्के वाढ ठरली. तोडणीचं काम मुंबईच्या गिरणीकामापेक्षा काही कमी कष्टाचं नाही, आणि ऊसतोड्यांची परिस्थिती आजही फार बरी आहे असं कुणी म्हणणार नाही. फरक मालात आहे. कापड गोदामात थांबतं, तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसागणिक त्यातली साखर घटते, आणि कारखान्याचा बॉयलर रिकाम्या पट्ट्यावर चालत नाही. तेव्हा आपल्या मालकाचा माल थांबू शकतो का, हे आपण आपल्याच मशीनजवळ उभं राहून बघायचं. डिलिव्हरीच्या आधी बोलायचं की माल गेल्यावर, याचं उत्तर तिथेच मिळतं. (ऑर्डर अडवून धरायची, असं मात्र मी सांगत नाहीये. तसं केलं तर वाढ एकदा मिळते आणि दुसऱ्यांदा नोकरी जाते.)

अवघड मालकांची आणखी एक युक्ती इंजिनिअर लोकांसाठी खास राखीव असते. पगाराऐवजी पद! "पैशाचं पुढं बघू, पण उद्यापासून तू सुपरवायझर." पोरगा खूश, घरी पेढे. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत सुपरवायझरचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० पेक्षा जास्त पगार घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. जुन्या १९४७ च्या कायद्यात ही मर्यादा १०,००० होती. म्हणजे वाद झाला तर कामगार म्हणून मिळणारं संरक्षण हातचं जाऊ शकतं. कोर्ट नुसतं पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतं, हे खरं. पण कोर्टापर्यंत जायची कुणाला हौस आहे? पद घ्यावं, जरूर घ्यावं. त्याबरोबर आकडाही घ्यावा.

आणि आकडा म्हणजे हातात येणारा आकडा. सीटीसीमध्ये मालकाच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ असतो, ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के असतात, काही ठिकाणी मेसचं जेवणही असतं! वाढ "सीटीसीत" मिळाली आणि हातात शंभरच रुपये जास्त आले, असं पुष्कळांचं होतं. त्याच दिवशी लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे मूळ पगार, महागाई भत्ता सोडून बाकीचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीचा भाग पगारातच धरला जातो. त्यामुळे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब मोठ्या रकमेवर होऊ शकतो आणि हातातली रक्कम थोडी कमी दिसू शकते. ती कपात आहे की आपलीच बचत, हे स्लिप वाचल्याशिवाय कळत नाही. त्याच संहितेत पगाराची स्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने.

आमच्या युनिटात स्लिप नव्हती, पाकीट होतं. दिवाळीनंतरचे ६०० पाकिटात आले तेव्हा मी ते मालकांसमोरच मोजले. "विश्वास नाही का बे?" ते म्हणाले. मी म्हटलं, "आहे की, मालक. वहीत लिहायला लागतंय."