बायोचार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हवेतील कर्बाचा भार हलका करण्याचे जे उपाय आज शास्त्रज्ञांच्या विचाराधीन आहेत, त्यांत बायोचार, म्हणजे शेतातील काडीकचरा अपुऱ्या हवेत तापवून केलेला कोळसा जमिनीत मिसळणे, हा शेतकऱ्याच्या आवाक्यातला उपाय होय. परंतु त्याविषयी अवास्तव आशा आणि अकारण अविश्वास हे दोन्ही सारखेच पसरलेले असल्याने काही गोष्टींचा खुलासा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : कोळसा करणे म्हणजे जाळणेच, त्याने कर्बवायू वाढणार.

वस्तुस्थिती : पिकाने हवेतून घेतलेला कर्ब काडीकचरा कुजला तर काही वर्षांत आणि पेटवला तर घटकाभरात हवेत परततो; तोच कचरा प्राणवायूची आवक रोखून ३५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, तर साधारण निम्मा कर्ब कोळशात टिकून राहतो. विदर्भात कपाशीचा हंगाम आटोपल्यावर पऱ्हाट्या बांधावर सर्रास पेटवल्या जातात. त्याच वाळवून निमुळत्या खड्ड्यात थराथराने जाळल्या, तर वरच्या ज्वाळाच प्राणवायू संपवतात व खालचा थर कोळसा होऊन राहतो. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागताच पुढचा थर द्यायचा आणि शेवटी पाणी ओतून सारे विझवायचे, एवढीच यातली हातोटी. राख दिसली की तेवढा कर्ब उडाला असे समजावे. म्हणूनच कोकणात भाताच्या रोपांसाठी जो राब भाजतात, त्याच्या राखेला बायोचार म्हणता येत नाही.

गैरसमज : मातीत कोळसा फार काळ टिकत नाही.

वस्तुस्थिती : ॲमेझॉनच्या खोऱ्यात प्राचीन रहिवाशांच्या वस्त्यांभोवती तयार झालेली ‘टेरा प्रेटा’ ही काळी माती, जिच्याकडे डच मृदाशास्त्रज्ञ विम सोंब्रुक यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले, तिच्यातील कोळसा शेकडो वर्षांनंतरही शाबूत आहे, कारण उष्णतेने कर्बाचे अणू वलयाकार जोडले जातात आणि ती जोडणी जिवाणूंना सहजी फुटत नाही. मात्र कच्च्या, अर्धवट भाजलेल्या कोळशाला ही शाश्वती नाही. पाऊण भाग कर्ब असलेला एक टन कोळसा सुमारे पावणेतीन टन कर्बवायूइतका ठरतो. पण पुढे विघटन पावणारा अंश, वाहतूक आणि भट्टीचा धूर हे सारे खर्चाच्या बाजूस मांडल्याखेरीज हा जमाखर्च पुरा होत नाही.

गैरसमज : बायोचार हे खत असून कोणत्याही जमिनीत पीक वाढवते.

वस्तुस्थिती : २०१७ साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला असता उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेले आढळले, समशीतोष्ण प्रदेशात मात्र वाढ दिसली नाही. कोळसा बहुधा अल्कधर्मी असल्याने कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीला तो मानवण्याचा संभव अधिक. दख्खनच्या काळ्या जमिनी मुळातच अल्कधर्मी असल्याने तेथे मातीपरीक्षण करूनच बेताने वापर करावा. शिवाय ताजा कोळसा मातीतील नत्र स्वतःकडे ओढून घेऊ शकतो, म्हणून तो आधी शेणखतात मुरवून मगच शेतात टाकणे इष्ट.

गैरसमज : बायोचार आहे, तर इंधनाचा वापर कमी करण्याची निकड नाही.

वस्तुस्थिती : जमीन, अन्न व जंगल यांना बाध न आणता जगभर साधता येण्याजोगी कमाल मर्यादा २०१० च्या एका गाजलेल्या अभ्यासाने मानवी उत्सर्जनाच्या सुमारे १२ टक्के इतकी काढली होती. उभी झाडे तोडून कोळसा करू लागलो, तर हा अल्प लाभही पदरी पडणार नाही. तेव्हा जे अवशेष आज वाया जातात तेवढ्यांचाच कोळसा करावा, तो योग्य जमिनीत घालावा आणि खनिज इंधनांचा वापर घटवण्याचे काम त्याच्या भरवशावर एक दिवसही तहकूब ठेवू नये.