गावठाणाची साइट – भाग ६ : जनरेटर कोणता घ्यायचा?

नवी मुंबईतल्या एका गावठाणाच्या आठवणींची साइट स्टॅटिक असेल, हे मागच्या भागात ठरले. वाचकाने पान उघडले की सर्व्हरवर काहीही नव्याने जुळवले जात नाही, तयार फाइल जशीच्या तशी त्याच्याकडे जाते. डेटाबेस नाही, दर महिन्याला अद्ययावत करायची प्लगिन नाहीत. ही पाने आपल्या मजकुरातून बनवून देणारा प्रोग्राम म्हणजे जनरेटर. असे जनरेटर डझनावारी आहेत, आणि त्यांच्या तुलना वाचत बसले तर महिना सहज जातो. त्यापेक्षा आपण काय जपायला निघालो आहोत ते आधी पाहू.

नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, १९७०मध्ये स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात, १९८४च्या १६ आणि १७ जानेवारीला, उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या आंदोलनात तरुण म्हणून उतरलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. लग्नातले धवले तोंडपाठ असलेल्या धवलारिणी तर त्यांच्याहून थोर. मिठागरे गेली, विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली. हे सगळे लिहून ठेवायचे तर ते आणखी चाळीस वर्षांनी त्यांच्या पणतवंडांना उघडता आले पाहिजे.

इतके आयुष्य कुठल्याच जनरेटरचे गृहीत धरता येत नाही. या पिढीतला जुना आणि नावाजलेला जेकिल २००८चा. गॅट्सबी २०१५मध्ये आला, काही वर्षे सगळीकडे त्याचेच नाव होते. २०२३मध्ये नेटलिफाय या कंपनीने तो विकत घेतला आणि त्याचे काम जवळजवळ थंडावले. फुकट जागा देणाऱ्या कंपन्यांचेही तेच. याहूने २००९मध्ये जिओसिटीज बंद केले, तेव्हा स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवून घेतलेली पाने तेवढी वाचली. म्हणून जनरेटर निवडताना माझा पहिला प्रश्न असतो : हा उद्या बंद पडला तर माझ्या हातात काय राहील?

मजकूर साध्या मार्कडाउन फाइलींत, म्हणजे शीर्षक, यादी यांसाठी सोप्या खुणा असलेल्या निव्वळ मजकुराच्या फाइलींत, असेल तर सगळे राहील. मार्कडाउन कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, छापून काढले तरी वाचता येते. बहुतेक जनरेटर तेच वापरतात, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणे शक्य असते. मात्र प्रत्येक जनरेटर मजकुरात घालायच्या स्वतःच्या खास आज्ञाही देतो, फोटोची चौकट काढायला, व्हिडिओ बसवायला. त्या दुसऱ्या जनरेटरला कळत नाहीत. मोह होतो, पण आजीने सांगितलेल्या मजकुरात त्या घालू नका. सजावट जनरेटरच्या साच्यात (टेम्प्लेटमध्ये) ठेवा.

आता नावे. जेकिल रूबी भाषेत आहे. साइटला फुकट जागा देणारी गिटहब पेजेस ही सेवा तो स्वतःच चालवते, ही मोठी सोय. पण विंडोजच्या घरगुती संगणकावर रूबी बसवताना नवखी माणसे हमखास अडतात. इलेव्हन्टी मला फार आवडतो, तो तुमच्या मजकुरावर काही लादत नाही. पण तो नोडवर चालतो आणि सोबत इतर पॅकेजेस आणतो; पाच वर्षांनी ती सगळी पुन्हा जुळतीलच असे नाही. पायथन येत असेल तर पेलिकन जरूर पाहा.

या कामासाठी माझे मत ह्यूगोला. २०१३मध्ये स्टीव्ह फ्रान्सियाने गो भाषेत सुरू केलेला हा जनरेटर एकाच फाइलमध्ये मावतो, वेगळे काही बसवावे लागत नाही. शेकडो पाने काही क्षणांत तयार होतात. त्याची उणीव अशी की नव्या आवृत्तीत जुने साचे कधीकधी चालेनासे होतात. म्हणून ज्या आवृत्तीवर साइट चालली ती फाइल मजकुराच्या शेजारीच, त्याच पेनड्राइव्हवर जपून ठेवा. मुक्तासारखा खुल्या परवान्याचा देवनागरी फॉन्टही तिथेच ठेवा, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून मागवू नका.

गावातली दहा माणसे आपापल्या फोनवरून थेट लिहिणार असतील तर मात्र हा मार्ग सोडा. तिथे वर्डप्रेसच बरा, फक्त दर महिन्याला मजकूर उतरवून घेणारे कोणीतरी हवे.

निवड पक्की करण्याआधी मराठीची परीक्षा घ्या. इंग्रजी तुलनांमध्ये ती कोणी घेतलेली नसते. जोडाक्षरे आणि अनुस्वार असलेले शीर्षक देऊन पानाचा पत्ता कसा होतो ते बघा. काही साधने देवनागरीचे रोमन करतात, काही मात्राच गाळतात. पत्ता देवनागरीत राहिला तरी पाठवताना तो फुगतो : ‘नेरुळ’मधली पाच चिन्हे लिंकमध्ये ४५ अक्षरे होऊ शकतात, आणि व्हॉट्सॲपवर ती लिंक पाहून लोक बिचकतात. ह्यूगोत प्रत्येक पानाला रोमन अक्षरांतला छोटा पत्ता हाताने देता येतो. तो द्या, आणि एकदा दिला की बदलू नका.

दुसरी परीक्षा शोधाची. स्टॅटिक साइटवरचा शोध वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालतो आणि बहुधा अक्षरे जुळवून पाहतो. ‘वाशी’ शोधणाऱ्याला ‘वाशीत’ सापडेल, पण ‘बेलापूर’ शोधणाऱ्याला ‘बेलापुरात’ सापडणार नाही, ‘कोपरखैरणे’ शोधणाऱ्याला ‘कोपरखैरण्यात’ही नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर तारीख-शीर्षकाच्या जोडीने ‘गावे’ अशी एक ओळ ठेवा आणि तिथे गावांची नावे मूळ रूपात लिहा. ह्यूगोच्या सेटिंगमध्ये ‘गावे’ हे वर्गीकरण एकदा नोंदवले की तो त्या ओळीवरून प्रत्येक गावाचे पान आपोआप बनवतो, आणि शोधालाही मूळ नाव मिळते. पहिल्या फाइलपासूनच ही ओळ लिहा, कारण दोनशे फाइली झाल्यावर मागे जाऊन ती भरायला कोणालाच वेळ होत नाही.