नाताळच्या सुट्टीत मुलांना निसर्ग शिबिराला पाठवताय? आधी एवढं विचारा

निफाड : नाताळची सुट्टी जवळ आली की व्हॉट्सॲपवर निसर्ग शिबिरांच्या जाहिराती फिरायला लागतात. पोरं दोन दिवस मोबाईलपासून लांब राहतील म्हणून पालकही लगेच पैसे भरतात. पैसे भरा, पण आधी वेळ विचारा. आपल्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे.

बिबट्या जास्त करून संध्याकाळ ते पहाट फिरतो. ऊसतोड सुरू झाली की त्याची लपायची जागा कमी होते आणि तो इकडे-तिकडे हलतो. त्यामुळे शिबिर सकाळी ऊन पडल्यावर सुरू व्हावं आणि साडेचार-पाचला मुलं घराच्या वाटेला लागावीत. तंबूतला मुक्काम उसाच्या फडाजवळ असेल तर सरळ नाही म्हणा. दिवसासुद्धा मूल लघवीला एकटं जाता कामा नये. खाली बसलेलं लहान मूल बिबट्याला भक्ष्यासारखं वाटू शकतं. फडात पिल्लं दिसली तर फोटो काढत बसू नका, मादी जवळच असते. मागे फिरा आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

दुसरा प्रश्न सापाचा. थंडीत घोणस उन्हाला येऊन पडते. म्हणून पायात बूट हवेत, दगडाखाली हात घालायचा नाही. साप चावलाच तर चिरा मारू नका, दोरीने आवळू नका, मांत्रिकाकडे तर मुळीच नको. १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशाची लस जवळ कुठे मिळते, हे आयोजकाला आधीच माहीत पाहिजे. त्याला सांगता आलं नाही तर तिथे मूल पाठवू नका.

जागेसाठी मात्र लांब जायची गरज नाही. गोदावरी-कादवा संगमाजवळचं नांदूर मध्यमेश्वर आपल्याच तालुक्यात आहे. धरणात गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांची सोय झाली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालं. थंडीत इथे दूरदेशाहून बदकं येतात. आपण मात्र निफाडचा पारा किती उतरला एवढंच बघतो!

तिथे गेल्यावर पन्नास पक्ष्यांची नावं पाठ करून घेणारं शिबिर काय कामाचं? त्यापेक्षा एकच पक्षी दहा मिनिटं बघू द्या. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी रुंद असते, तिने तो पाणी गाळून खाणं वेगळं करतो. शेकाट्याचे लांब पाय त्याला उथळ पाण्यात चालायला कामी येतात. चोच आणि पाय बघून हा काय खात असेल, हे पोरं आपणच सांगायला लागतात.

काठावर चिखल फार, म्हणून पाण्यात उतरायचं नाही. दहा मुलांमागे एक तरी मोठं माणूस हवं. स्वेटर मातकट रंगाचा घाला, भडक रंगाने पक्षी उडतात. आणि डब्यात भाकरी द्या, कुरकुऱ्यांची पाकिटं नकोत, ती शेवटी पाण्यातच जातात.