रंगीत सांडपाणी आणि लाकडावरची बुरशी

पावसाळ्यात परसात पडलेला एखादा जुना ओंडका उलटून पाहा. कुठे कुठे लाकूड पांढरे, मऊ आणि तंतुमय झालेले दिसेल. ही करामत एका प्रकारच्या बुरशीची. लाकडाला कणखरपणा देणारा ‘लिग्निन’ हा पदार्थ बहुतेक जिवाणूंना पचत नाही. ही बुरशी मात्र आपली विकरे बाहेर सोडून त्याचे तुकडे पाडते. आपण भाजी करून खातो ती धिंगरी अळिंबीसुद्धा याच गटातली.

या बुरशीचा आणि इचलकरंजी-सोलापूरकडच्या कापडरंगाईचा संबंध काय, असे वाचक विचारतील. कापडाच्या कृत्रिम रंगांपैकी बरेचसे ‘अझो’ जातीचे असतात. धुण्याने, उन्हाने विटू नयेत म्हणून ते मुद्दामच चिवट केलेले. कापडावर न बसलेला रंग सांडपाण्यात जातो आणि तिथेही विटत नाही! हवा न लागू देता जिवाणूंकडून हे पाणी साफ करून घेतले तर ते फिके पडते खरे. पण रंग तुटून ‘ॲरोमॅटिक अमाइन’ जातीची द्रव्ये मागे उरतात. त्यांपैकी बेंझिडिनसारख्या काहींमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो. रंगकारखान्यातील कामगारांमध्ये हा रोग आढळतो, हे जर्मन शल्यविशारद रेन यांनी १८९५ सालीच दाखवून दिले होते. बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांवर आपल्याकडे बंदी आहे. तरीही पाणी नितळ दिसते म्हणून ते निर्धोक, असे धरून चालू नये.

बुरशीची विकरे फारशी चोखंदळ नसतात. लिग्निन फोडतात तशीच ती रंगाचे रेणूही प्राणवायूच्या साहाय्याने फोडतात. काँगो रेडसारखे अझो रंग बुरशीने मोडतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९९० साली सिद्ध केले. या मार्गाने घातक अमाइने उरण्याचा धोका कमी. तरी शुद्ध केलेले पाणी तपासावेच लागते.

मग हे सगळीकडे का होत नाही? बुरशीला किंचित आंबट पाणी मानवते, तर रंगाईचे पाणी सोड्याचे आणि खारट. शिवाय उघड्या टाकीत जिवाणू तिच्यावर मात करतात, आणि कामाला कित्येकदा दिवस लागतात. कारखान्याला तेवढा धीर कुठला! त्यामुळे ही पद्धत अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

तोवर रंगाईगृहाजवळच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रंगीत येत असेल, तर ते पिऊ नये. उकळल्याने जंतू मरतात, रंग जात नाही. तुरटीवरही विसंबू नये. रंगाईकाम करणाऱ्यांनी हातमोजे घालावेत आणि भुकटी मोजताना तोंडा-नाकावर मास्क लावावा. काही रंगांच्या भुकटीने दमा जडतो. लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच का असेना आणि दुखत नसले तरी, डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावे. आपण रंगाचे काम करतो, हेही त्यांना आवर्जून सांगावे.