टायमिंगच्या खुणा जुळवताना

मेहकर तालुक्यातल्या जानेफळात जुनी मारुती ८०० उघडा किंवा मुंबईत नवी कोरी गाडी. फोर-स्ट्रोक इंजिनाचा हिशेब एकच. क्रँकशाफ्टचे २ फेरे, तेव्हा कॅमशाफ्टचा १. मारुतीत हे गणित दातेरी पट्टा सांभाळतो, कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीत साखळी सांभाळायची.

पट्टा चढवण्याआधी दोन्ही चक्रांवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांसमोर आणतात. टेन्शनर आवळला की काम संपले, असे समजू नका (घाई इथेच नडते). स्पार्क प्लग काढून, क्रँक पान्याने इंजिनाच्याच दिशेने २ पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा पाहा. मध्येच अडले तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असू शकतो. एक दात चुकला तरी ओढ कमी होते. खुणांची जागा इंजिनागणिक वेगळी असते, तेव्हा कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल पाहूनच हात घाला.